सकाळी सात वाजता सुरक्षित

पायाखालचा बांबू वीतभर खाली सरकला तेव्हा मी जमिनीपासून अठरा फूट वर होतो. वैशाखातली दुपार, तीनचा सुमार. हातातली टेप खाली पडली. मी जवळच्या उभ्या बल्लीला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटून घेतले. गवंडी आणि बिगारी निंबाखाली पाणी प्यायला बसले होते, त्यामुळे माझी ही शोभा एकाच माणसानं पाहिली. खाली चुना मळायच्या घाणीजवळ पार्बती उभी होती. डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बायांतली सगळ्यांत जुनी बाई.

"बाबू, भिंतीच्या अंगानं उतरा," ती खालून म्हणाली. "मंधात पाय देऊ नका. दुपारच्यानं मंधात कोनीच पाय देत नाई."

मी भिंतीच्या अंगानं, एकेक बांबू चाचपत, खाली आलो. त्याच दिवशी सकाळी सात वाजता याच परांचीखाली उभं राहून मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, 'तपासली. सुरक्षित.' खाली माझी सही. सही चांगली वळणदार होती.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी इमारती आणि रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात सब-ओव्हरसिअर होतो. माझं घर वाशीमचं, काम तिथून मेडशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांना मुक्काम करायला तिथं आम्ही एक बंगला बांधत होतो, तोही दुमजली. वर्षातून आठ-दहा रात्री झोपायला साहेबांना एक मजला भरपूर झाला असता. पण खालच्या मजल्यावर हवा लागत नाही, असा शोध वरच्या ऑफिसात कुणीतरी लावला होता. साहेबांना हवा मिळावी म्हणून चाळीस माणसं उन्हात भाजत होती.

परांची म्हणजे काय, ते आधी सांगतो. भिंत डोक्याच्या वर गेली की गवंड्याला उभं राहायला जागा लागते. मग भिंतीला लागून जाड लाकडी बल्ल्या उभ्या करतात, त्यांना आडवे बांबू बांधतात आणि बांबूंवर फळ्या टाकतात. तो सांगाडा म्हणजे परांची. आमच्याकडे तिला खिळा नाही, लोखंड नाही. सगळा भरवसा अंबाडीच्या दोरावर. गाठ सुटली की आडवा बांबू सरकतो, फळी निसटते आणि फळीवरचा माणूस खाली येतो. म्हणून रोज तपासणी. गाठीगाठीला हात लावायचा, बल्ली हलवून पाहायची, रजिस्टरमध्ये लिहायचं. दर गुरुवारी एसडीओ साहेब येणार, म्हणजे सब-डिव्हिजनचे मोठे साहेब, आणि माझ्या सहीखाली आपली सही ठोकणार.

तपासणीची वेळ सकाळी सात. ती कुणी ठरवली, का ठरवली, कुणी विचारायचं नाही. फॉर्मवर ती आधीच छापून आलेली होती. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. साहेब नागपूरकडचे, पण उन्हाचं त्यांना भारी वावडं. नऊच्या आत मोटार परत फिरली पाहिजे. सातला तपासणी, पावणेआठला चहा, आठला गवंड्यांना चार उपदेश. आणि आमच्यासारखे शहाणे त्याला इन्स्पेक्शन म्हणत होते.

तर मी खाली उतरलो, घोटभर पाणी प्यालो आणि पुन्हा परांचीजवळ गेलो. माणसाच्या उंचीवरच्या गाठी पाहिल्या. सकाळी ज्या गाठीत माझं नख शिरत नव्हतं, तिच्यात आता दोन बोटं आरामात गेली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. तीच तऱ्हा. दोर नवा होता, गाठही बरोबर होती. मग सकाळी इतका घट्ट असलेला दोर दुपारी ढिला का?

परांची बांधली होती करीम मिस्त्रीनं. मंगरूळपीरचा माणूस. बापापासून हेच काम. मी त्याला बोलावलं आणि गाठीत बोटं घालून दाखवली. त्याला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

"दोर गिल्ला बांधला ना, बाबूसाब. सुकला की ढिला होते."

"मंग गिल्ला काहून बांधला?"

"नानाजी ठेकेदारानं पिपात भिजवूनच दोर देल्ला. कोरडा दोर हाताले टोचते, काम हळू होते. गिल्ला जल्दी बसते. माहा बाप कोरडाच बांधे. भर उन्हात बांधे, मंग गाठीत पाचर ठोके, अन् मंग वरून पानी मारे. तो दोर बाराही महिने हालत नसे. मी सांगतलं होतं. मिस्त्रीचं कोन आयकते इथं?"

ज्यांच्या घरी अंबाडीची बाज आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात तीच बाज कशी ताठ होते आणि उन्हाळ्यात तिची झोळी होते, हे लहान पोराला माहीत असतं. दोर भिजला की आखडतो, वाळला की सैल पडतो. मीही अशाच बाजेवर लहानाचा मोठा झालो होतो. पण हातात रजिस्टर आलं आणि घरची अक्कल घरी राहिली. मला माझाच संताप आला.

तरी एक कोडं होतंच. परांची बांधून महिना झाला होता. भिजवलेला दोर पहिल्याच दुपारी वाळला असणार. मग रोज सकाळी तो घट्ट कसा?

याचं उत्तर ठेकेदाराकडे मिळालं. नानाजी ठेकेदार म्हणजे बोलायला गोड माणूस. कोट, टोपी, तोंडात पान. मी विचारलं तसं त्यांनी कौतुकानं सांगितलं.

"सहा वाजता बाया पानी मारते ना साऱ्या परांचीवर. माहा नेमच हाये तो."

"कायले?"

"आता कायले म्हंजे? साहेब येते. पावना येते त आपन दारात सडा टाकतो का नाई? मागच्या कामावर धूळ लय होती म्हनून मीनं पानी मारलं. साहेबानं दोर वढून पाह्यला अन् म्हने, व्हेरी टाइट. तवापासून रोज मारतो. बरकत हाये त्या पान्यात."

तो लबाडी करत असता तर मला बरं वाटलं असतं. लबाड माणसाला निदान आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. याला काहीच ठाऊक नव्हतं. एकदा साहेब खूश झाले, एवढ्यावर याचं शास्त्र संपलं होतं. त्यानं पाणी मारायचं, साहेबांनी 'टाइट' म्हणायचं, मी सही करायची. तिघांनी मिळून एक महिना चाळीस माणसांना त्या सापळ्यावर चढवलं होतं.

"नानाजी, परांची सोडून कोरड्या दोरानं पुन्हा बांधा लागते," मी म्हणालो. "करीम म्हनते, दोन दिवसाचं काम हाये."

"अन् गुरवारी तुळया चढवाच्या हाये, त्याचं काय? साहेब खास पाह्याले येऊन राह्यले. महिनाभर कोन पडलं का तिच्याहून?"

वरच्या मजल्यासाठी सागवानी तुळया आल्या होत्या. एकेक तुळई आठ जणांना जड. त्या कप्पीनं वर ओढायच्या, परांचीवर टेकवायच्या आणि मग भिंतीवर सरकवायच्या. म्हणजे फळ्यांवर एका वेळी दहा-बारा माणसं, वर तुळईचा भार. घमेली वाहून महिना निभावला म्हणून तुळयाही निभावतील, हे ठेकेदाराचं गणित. मंगळवार होता. मी सायकल काढली आणि मेडशीला साहेबांच्या कॅम्पवर गेलो.

साहेब तंबूत वाळ्याच्या पडद्याआड बसले होते. मी सगळं सांगितलं. दोर, पाणी, दुपार, माझा घसरलेला पाय.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

"तपासणी दुपारी तीनला करावी लागेल, साहेब. आणि परांची पुन्हा बांधेपर्यंत तुळया चढवू नयेत."

"तीनला? वैशाखात? ओव्हरसिअर, तुम्हाला ऊन लागलंय. गेल्या गुरुवारी मी स्वतः दोर ओढून पाहिला. कसा होता?"

"घट्ट होता."

"आज सकाळी तुम्ही पाहिलात. कसा होता?"

"घट्टच होता, साहेब. सकाळी तो घट्टच असतो."

"मग प्रश्न कुठे येतो?"

"साहेब, माणसं दुपारीही वर असतात."

"तपासणीची वेळ सात आहे. फॉर्म मी छापलेला नाही. या तुम्ही."

मी आलो. रस्ताभर मला जे सुचत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी नोकरी पक्की नव्हती, घरी म्हातारी आई आणि दोन लहान बहिणी. साहेबांनी मनावर घेतलं असतं तर महिन्याभरात घरी बसवलं असतं. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो.

गुरुवारी सकाळी बायांनी नेमानं पाणी मारलं. करीम आणि मी गाठीगाठीला हात लावला. सगळं टणक. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'सकाळी सात वाजता सुरक्षित. दुपारी बारानंतर असुरक्षित. माणसं चढवू नयेत.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पहिलं वाक्य ठेवून पुढची दोन्ही खोडून टाकली.

"इन्स्पेक्शन सकाळचं आहे. दुपारचं मत तुम्हाला कुणी विचारलं?" असं म्हणून त्यांनी खाली सही केली.

पहिली तुळई साडेआठला चढली. नानाजींनी नारळ फोडला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मोटार धुरळा उडवत अकोल्याच्या रस्त्याला लागली. दुसरी तुळई दहा वाजता बसली. तिसरी वर यायला साडेअकरा झाले. ती परांचीवर टेकवली तेव्हा गवंड्यांचे हात भरून आले होते आणि ती भिंतीवर सरकता सरकत नव्हती. ऊन तर असं की बल्लीला हात ठेववत नव्हता. मी दर दहा मिनिटांनी गाठी पाहत होतो. अकराला नख शिरायला लागलं. बाराला एक बोट आत गेलं.

"खाली उतरा सारे," मी ओरडलो. "तुळई हाये तिथंच राहू द्या. उतरा."

नानाजी छत्री घेऊन धावत आले. "काहून उतरवून राह्यले? साहेबाची सही हाये कागदावर."

"सही सात वाजताची हाये. आता बारा वाजले."

"कोनी उतराचं नाई," नानाजींनी वर पाहून सांगितलं. "जो उतरन त्यानं उद्या कामावर येऊ नये."

वरची माणसं थांबली. मी ओव्हरसिअर, पण त्यांना काम देणारे नानाजी. माझ्या शब्दाला वजन ते किती? बारा माणसं त्या फळ्यांवर उभी राहून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. मी फळीवरच्या करीमला नाव घेऊन हाक मारली, त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाला चुना पोचवणाऱ्या पार्बतीनं आपलं घमेलं फळीवर ठेवलं आणि भिंतीच्या अंगानं उतरायला लागली. नानाजींकडे तिनं पाहिलंही नाही. तिच्यामागून बाकीच्या तिघी उतरल्या. बाया उतरल्यावर गवंड्यांना लाज वाटली की धीर आला, कुणास ठाऊक. एकेक करून तेही खाली आले. शेवटी करीम.

मी सगळ्यांना निंबापलीकडे पिटाळलं आणि परांचीभोवती दोरी लावली. मग वाट पाहणं सुरू झालं. एक वाजला. काही नाही. दीड वाजला. परांची जशीच्या तशी. नानाजींनी पानाचा डबा उघडला.

"पडली का बाबू तुमची परांची?"

माणसं हसली. खरं सांगायचं तर ती पडावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. नाही पडली तर मी मूर्ख ठरणार होतो. आणि नाही पडली तर अर्ध्या तासात ही बारा माणसं पुन्हा वर जाणार होती.

दोनच्या सुमारास नानाजी उठले. "चला रे. लय झाला तमाशा. चढा." स्वतः पुढे झाले, मी बांधलेली दोरी ओलांडली आणि माणसांना हिंमत द्यायला परांचीला टेकलेल्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी जाऊन त्यांच्या कोटाची मागची बाजू धरली आणि ओढलं. ते मला शिव्या देत होते. तेव्हाच वर कर्र असा आवाज झाला.

मधला आडवा बांबू बल्लीवरून खाली घसरला. त्याच्यावरच्या फळ्या तिरक्या झाल्या, तुळई एका बाजूला कलली आणि मग सगळंच आलं. तुळई आली, फळ्या आल्या, पार्बतीनं ठेवलेलं घमेलं आलं. आम्ही दोघं मागे मातीत पडलो. धूळ बसली तेव्हा तुळईचं एक टोक चुन्याच्या घाणीत रुतलेलं दिसलं. तिथं रोज चार बाया चुना भरायला वाकलेल्या असतात. शिडीचे दोन तुकडे झाले होते. नानाजी उठून बसले. त्यांच्या तोंडातलं पान कोटावर सांडलं होतं. त्यांनी मला पुन्हा शिवी दिली नाही.

एकाही माणसाला खरचटलं नाही. साध्या माणसाला वाटेल की आता कुणी पाठ थोपटील.

चौकशीला साहेब दुसऱ्या दिवशी आले. सकाळी सात वाजता. पडलेल्या बांबूंवरही बायांनी सवयीनं पाणी मारलं होतं. साहेबांनी त्यातली एक शाबूत गाठ ओढून पाहिली. घट्ट होती. त्यांनी तसं टिपून घेतलं. पुढं त्यांचा रिपोर्ट माझ्या पाहण्यात आला. त्यात लिहिलं होतं की, सकाळच्या तपासणीत परांची सुरक्षित आढळली होती. सब-ओव्हरसिअरनं काम मध्येच थांबवून तुळईचा भार परांचीवर ठेवला, त्यामुळे ती पडली. म्हणजे बारा माणसांसकट पडली असती तर दोष दोराचा. माणसं वाचली, म्हणून दोष माझा. लाल पेन्सिलीचा त्यात उल्लेख नव्हता.

रिपोर्टसोबत ऑर्डर निघाली. अपघात टाळण्यासाठी यापुढे तपासणी दिवसातून दोनदा व्हावी. पहिली सातला, दुसरी आठला. मी ती ऑर्डर दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. तिच्याच पाठोपाठ माझी बदली मेळघाटात झाली. लेखी ताकीदही मिळाली.

जायच्या आधीचे चार दिवस मात्र मी सत्कारणी लावले. करीमनं नवी परांची त्याच्या बापाच्या पद्धतीनं बांधली. कोरडा दोर, भर दुपार, गाठीत पाचर. नानाजी स्वतः छत्री धरून उभे होते आणि एका शब्दानं घाई केली नाही. शिडीचे ते दोन तुकडे त्यांनी पाहिले होते. माणसाला शास्त्र शिकवायचं तर त्याचा पाय शिडीवर असावा लागतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. साहेबांचा पाय शिडीवर कधी पडला नाही, म्हणून ते शेवटपर्यंत निरक्षर राहिले आणि बढती घेऊन रिटायर झाले.

पुढं तीस वर्षं मी हेच काम केलं. शिकवण एवढीच घेतली की वस्तू जेव्हा सगळ्यात वाईट असते तेव्हा ती पाहायची. पूल पुरात पाहायचा, छप्पर वादळात, परांची भर दुपारी. चांगल्या वेळी पाहणं म्हणजे नुसता पाहुणचार.

निघायच्या दिवशी सायकलला ट्रंक बांधत होतो. पार्बती चुना भरत होती. मनात सलत होतं ते मी तिला विचारलंच.

"बाई, दुपारी मंधात पाय द्याचा नाई, हे तुमाले महिनाभर मालूम होतं. मले काहून सांगतलं नाई?"

तिनं घमेलं भरलं, डोक्यावर चुंबळ बसवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सांगतलं असतं त काय केलं असतं, बाबू? तुमी दुसऱ्या दिवशी सकाळी सातले येऊन पाह्यलं असतं."

तिनं घमेलं उचललं आणि वर गेली. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि ती फळीच्या मधोमध चालत होती.